बांबूवरचा फोन

ड्रोन उडवायच्या आधी आम्ही बांबू उभा करतो. दोन पुरुष उंचीचा, सरळ निवडून आणलेला. त्याच्या टोकाला आक्काने जुन्या साडीची पिशवी शिवून बांधलीय. पिशवीत फोन घालायचा, फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा आणि बांधावर ठोकलेल्या लोखंडी पाइपाला बांबू सुतळीने आवळायचा. राहुरीच्या आमच्या बाजूला, कालव्याच्या खालच्या अंगाला, ऊस डोक्याच्या वर गेला की फोनची रेंज जमिनीपर्यंत पोचतच नाही. वर मात्र असते. वरच्या फोनला रेंज सापडली की खाली माझ्या रिमोटला नेट मिळतं, आणि नेट मिळालं की आपण शेतात नेमके कुठे आहोत ते ड्रोनला वितीच्या हिशेबाने कळतं. मग तो एकही सरी न सोडता, एकही सरी दुबार न घेता फवारत जातो.

नेट मध्येच गेलं, तर ड्रोन जिथे असेल तिथे हवेत थांबतो आणि रिमोट बोंबलायला लागतो. आणि फोन वाजला की आमच्या शिवारात नेट जातं. म्हणून बांबूवर चढतो तो आमच्या बचत गटाचा फोन. त्या नंबरवर कुणी फोन करत नाही, कारण तो नंबर कुणाला दिलेलाच नसतो.

त्या आठवड्यात गटाचा फोन जवळच्या बेलापूरला दुरुस्तीला टाकला होता. चार्जिंगच घेत नव्हता. आक्काचा फोन वर चढवून पाहिला, पण तिच्या कंपनीची एकच काडी यायची, तीही येऊन-जाऊन. राहिला माझा. माझा फोन वर गेला. आणि नेमकं त्याच दिवशी तिकडे नागपूरला माझ्या आईचं ऑपरेशन होतं.

मी इकडची नाही. भंडाऱ्याच्या पलीकडची, भाताच्या मुलखातली. आठवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि घरी धाकटा भाऊ सांभाळायचा होता. इकडच्या शेतकऱ्यांच्या मुलांना इकडे मुली मिळेनाशा झाल्या तेव्हा आमच्याकडून मुली यायला लागल्या. मीही तशीच आले. तोंडावर कुणी काही म्हणत नाही, पण लग्नाला एवढी वर्षं झाली तरी मी गावात ‘विदर्भाची वहिनी’च आहे. माझे मालक इकडच्याच नागापूरला एमआयडीसीत पाळीवर जातात. त्यांनीच मला बाहेरून दहावीला बसवलं. सासूबाईंनी त्या दिवसांत पहाटेच्या भाकरी स्वतः थापल्या, माझ्या हातात पुस्तक दिलं आणि ‘वाच, मला कळू दे’ म्हणून मोठ्याने वाचायला लावलं. दहावी झाली म्हणून ड्रोनच्या प्रशिक्षणाला नाव लागलं. आता गटाचा ड्रोन मी उडवते, आणि बॅटऱ्या, पाणी, औषध सगळं आक्का बघते. आक्का म्हणजे माझी सख्खी बहीण नव्हे. गावातच दिलेली, गावातच वाढलेली, वयाने मोठी म्हणून साऱ्या गटाची आक्का.

एवढं सगळं मला दुसऱ्यांनी दिलं. म्हणूनच असेल, सतत धाकधूक वाटते. आपल्या हाताने काही फुटलं, काही पडलं, तर लोक म्हणतील, बघा, दिलं होतं ना हिच्या हातात. ड्रोन वर गेला की मी त्याच्याकडे बघते ते लेकरू विहिरीच्या कठड्यावर चढल्यावर आई बघते तसं. प्रशिक्षण देणारे सर म्हणायचे, भीती वाटणारा माणूस चांगला उडवतो. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. पण भीतीला काही ते माहीत नसतं, ती आपली येतेच.

आता आईच्या रिंगचं सांगायला हवं.

माझ्या लग्नात घरी एकच फोन होता, बटणांचा, भावाच्या खिशातला. त्याआधी तर फोन म्हणजे एसटी स्टँडवरचा पिवळा डबा, रुपया टाकायचा आणि रुपया संपायच्या आत सगळं बोलून घ्यायचं. निरोपाच्या वेळी मी रडत होते तेव्हा आईने रडणं सोडून मला हिशेब शिकवला. “एक रिंग वाजून बंद झाली का समजायचं, सब बरं हाये. तू फोन नको लावू. दोन वाजल्या तं सवडीनं लाव. आन् वाजतच राहिला, तं हातातलं काम टाकून उचलायचा.”

रोज संध्याकाळी आई गावतलावाच्या पाळीवर, उंच बांधावर चढायची, कारण तिकडेही रेंज उंचावरच, आणि मला एक रिंग द्यायची. मी एक उलट द्यायची. झालं आमचं बोलणं. शेजारणी हसायच्या, म्हणायच्या, काय गं, माहेरच्यांना बोलायला पैसे नाहीत का? मी म्हणायची, बोललोच की आत्ता.

लांब रिंग माझ्या संसारात एकदाच वाजली होती. बाबा गेले तेव्हा.

पुढे फोन बदलले, कार्डं बदलली, महिनाभर कितीही बोला असे पॅक आले. आईचा चेहरा मला चुलीपाशी बसून दिसायला लागला. तरी संध्याकाळची एक रिंग काही तिने सोडली नाही. बोलून झालं तरी नंतर एक द्यायची. म्हणायची, “बोलनं वेगळं, हे वेगळं.”

तर आईच्या पोटात गाठ निघाली. तारीख दोनदा पुढे गेली. मी पिशवी भरून ठेवली होती, पण भाऊच म्हणाला, “ताई, आता नको येऊ. इथे तुले बाहेर बाकड्यावर बसवतील. घरी आनल्यावर ये, तेव्हा करायले मानूस लागन.” बोलणं बरोबर होतं. बरोबर बोलणंही गळ्याखाली उतरत नाही कधी कधी. ऑपरेशनचा नंबर दुपारनंतर लागेल, असं त्याने आदल्या दिवशी सांगितलं. झालं की एक रिंग देतो म्हणाला.

दुपारनंतर म्हणजे सकाळ मोकळी, असा मी विचार केला. तात्यांच्या उसाची फवारणी वाऱ्यामुळे आधीच लांबली होती, गटाने शब्द दिला होता, आणि घरात बसून मोबाईलकडे बघत राहण्यापेक्षा काम बरं. सकाळी वारा पडलेला होता. बांबू उभा केला, फोन वर चढवला. खाली उभी राहून मी पिशवीकडे एकदा बघितलं. आपला फोन आपल्या हातात नाही, हे मला तेव्हाच खुपलं.

तात्या म्हणजे उसाचे मालक. पांढरं बंडी-धोतर, हातात काठी, तोंडात सतत काहीतरी टोमणा. बांधावर बसून ते म्हणाले, “काय वैनी, तुमचं पाखरू आज चाऱ्याला उतरणार का न्हाई?”

आक्का औषध ढवळत होती. ती म्हणाली, “तात्या, पाखरू चरंल. तुमी तेवढं शिंकू नका, वारा सुटतो.”

“लई शहाणी झाली तू ड्रोन आल्यापासून.”

“पहिल्यापासूनच व्हते. तुमचं लक्ष न्हवतं.”

मी हसले, पण हसणं वरवरचं होतं. टाकी भरली, बॅटरी बसवली, ड्रोन उठला. पंखांच्या वाऱ्याने उसाची पाती दोन्हीकडे वाकली. उसात बिबट्या असतो म्हणून माणसं आत शिरत नाहीत, आणि असा वाढलेला ऊस आतून फवारायचा तर हात-तोंड कापून निघतं. ड्रोन मात्र वरून सुखाने जातो. एक खेप झाली, दुसरी झाली. बॅटरी बदलली. तिसऱ्या खेपेला ड्रोन शेताच्या लांबच्या टोकाला, विहिरीच्या बाजूला गेला. तिकडून मोटारीच्या विजेच्या तारा जातात.

आणि वर पिशवीत फोन वाजला.

पहिली रिंग.  आईचं झालं वाटतं, एवढ्या लवकर? आता बंद होईल.

दुसरी वाजली. म्हणजे सवडीने लावायचा. ठीक आहे, लावीन. पण सकाळीच कसा? नंबर तर दुपारनंतर होता.

तिसरी वाजली. चौथी.

रिमोट बोंबलला. नेट गेलं होतं. ड्रोन तारांच्या अलीकडे हवेत थांबून थरथरत होता, आणि माझ्या डोक्यावर माझा फोन वाजत होता, वाजतच होता. साडीच्या पिशवीतून तो आवाज असा येत होता, जणू कुणीतरी तोंडावर कापड धरून हाक मारतंय.  बाबांच्या वेळी मी भांडी घासत होते, राखेच्या हाताने उचलला होता. आता हात मोकळे नव्हते आणि फोन आभाळात होता.

“तुझाच हाय!” आक्का ओरडली. तिला सगळं ठाऊक होतं, रिंगांचा हिशेबही. तिचं तोंड पांढरं पडलं.

तात्यांना हिशेब माहीत नव्हता, पण माझ्या आईचं त्यांना सकाळीच सांगितलं होतं. म्हातारा काठी टाकून धावला आणि बांबूची सुतळी सोडायला लागला. “दवाखान्यातून असंल! थांबा वैनी, देतो काढून!”

“तात्या, बांबू नका खाली घेऊ!” आक्का किंचाळली. “खाली रेंज न्हाई!”

पण तोवर सुतळी सुटली होती. बांबू तिरका झाला, झुकला, आणि अर्ध्यात येताच रिंग तुटली. एकदम शांत. फक्त ड्रोनची लांबून येणारी घरघर आणि हातात रिमोटची बोंब.

मला त्या क्षणी रिमोट टाकून फोनकडे धावायचं होतं. खरं सांगते, पाय उचललाही होता. मग सरांचा आवाज आठवला, मैदानावर दहा वेळा सांगितलेलं: काही बिघडलं तर आधी उंची घ्या, मग विचार करा. मी ड्रोन ऑटोवरून काढून हातावर घेतला. आधी सरळ वर नेला. तारांच्या वर, विहिरीजवळच्या नारळाच्या वर. तिथे थांबवला.  बॅटरी कमी झाल्याची शिटी सुरू झाली. मग त्याला हळू माझ्याकडे ओढला, उसाच्या वरून, ओळ सोडून, कसाही. बांधावरच्या मोकळ्या जागेत उतरवला तेव्हा धूळ उडून आम्हा तिघांच्या तोंडात गेली. पंखे थांबले आणि मी रिमोट घेऊन तिथेच खाली बसले.

तात्या फोन हातात घेऊन उभे होते. “कट झाला व्हय? माझ्यानं झाला?” त्यांचा आवाज अगदीच पडला होता. त्यांच्यावर चिडायलाही माझ्याकडे जोर नव्हता.

फोन घेतला. भावाच्या नंबरवरून आलेला. उलट लावला, लागेना. काडीच नव्हती. कालव्याच्या भरावावर रेंज येते, पण तिकडे जायचं तर उसाला पूर्ण वळसा, आणि तेवढा दम मला निघणार नव्हता.

“व्हाईस मेसेज कर,” आक्का म्हणाली. “बोल यात अन् पाठीव. मग वर चढवू. वर गेला का आपोआप जाईल. त्यांचं उत्तर बी वरच येईल.”

मी फोन तोंडाशी धरला आणि बोलले. काय बोलले ते आता ऐकवत नाही. “भाऊ, काय झालं रे, आई कशी आहे, लवकर सांग, इथे रेंज नाही, बोलून पाठव.” मधेच रडू आलं ते तसंच गेलं. आक्काने फोन पिशवीत घातला. तात्यांनी आणि तिने मिळून बांबू उभा केला. सुतळी आवळायला वेळ नव्हता, दोघं तो तसाच धरून उभे राहिले, तात्या खाली, आक्का त्यांच्या मागे. तात्यांची टोपी पडली, ती कुणी उचलली नाही.

आम्ही तिघंही वर बघत होतो. पिशवी हलत होती. जिच्यावर इतकी वर्षं माझं माहेर टांगलेलं होतं ती रेंज कशी असते, तिला रंग असतो का, आकार असतो का, मला कधी कळलं नाही. सरांनी समजावलं होतं, लाटा असतात, दिसत नाहीत. त्या वेळी मला वाटत होतं, त्या दिसायला हव्या होत्या. निदान येताना तरी.

वर ‘टिंग’ वाजलं.

“आलं!” तात्या ओरडले आणि घाईने बांबू उतरवायला लागले.

“हळू! पडंल फोन!”

 पिशवीतून फोन आक्काने काढला, तिनेच दाबलं. भावाच्या बायकोचा आवाज आला. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, मी तिला दोनदाच भेटलेले.

“ताई, तुम्ही फोन काऊन उचलत नाही? आईचं ऑपरेशन झालं न! सकाळीच पहिला नंबर घेतला, आधीच्या पेशंटचा बीपी वाढला म्हनून. गाठ निघाली. अजून गुंगीत हायेत, पन पानी मांगलं. हे फोन माह्यापाशी देऊन खाली दवाई आनाले गेले, मले म्हने ताईले कळव. रडू नका वं ताई, सब बरं हाये.”

आक्काने ते पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा, तात्यांसाठी, कारण ते म्हणाले की मला तिची बोली नीट कळली न्हाई. कळली होती. त्यांना परत ऐकायचं होतं.

मला मात्र एक गोष्ट सुटत नव्हती. मी पुन्हा बोलून पाठवलं: सगळं बरं आहे तर एवढी लांब रिंग का दिली गं? पुन्हा बांबू वर. आता तात्यांचा हात बसला होता, विहिरीचा पोहरा सोडावा तसा त्यांनी तो सोडला आणि ओढला. उत्तर आलं:

“म्हनजे? फोन केला तं वाजनारच न? मी म्हटलं आता उचलाल, मग उचलाल. मिस कॉल देत असते का आता कोनी, ताई? फोन तं फुकट हाये.”

आक्का मटकन बांधावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने डोळ्याला पदर लावला. भाऊ हिशेब सांगायला विसरला होता, आणि त्या पोरीने पैसे वाचवायची रिंग कधी बघितलीच नव्हती. तिच्या हातात फोन आला तोच फुकट बोलणारा. तिला काय दोष द्यायचा? गुंगीत माझ्या आईने पाणी मागितलं ते तिच्याकडेच तर.

“ऱ्हायलेलं उद्या मारा, वैनी,” तात्या म्हणाले. “आज तुमचं चित्त न्हाई.”

मी म्हटलं, नको, वारा अजून पडलेला आहे. तोंडावर पाणी मारलं, नवी बॅटरी बसवली. फोन पुन्हा वर चढवला आणि सुतळी मीच आवळली. ड्रोनने ओळ जिथे सोडली होती तिथून बरोबर पुन्हा धरली. तात्या टोपी झटकत बघत राहिले. टोमणा काही मारला नाही. उलट सगळं आटोपल्यावर ते बांबू खांद्यावर टाकून आमच्या टेम्पोपर्यंत आले. एवढ्या वयाच्या माणसाने माझ्यासाठी बांबू वाहावा, हे माझ्या मनाला अजून लागतं. चांगल्या अर्थाने लागतं.

गाठीच्या तपासणीचा कागद नंतर आला. भावाने त्याचा फोटो पाठवला. सगळं इंग्रजीत. मी तो बोटांनी मोठा करून करून बघितला, एक अक्षर कळलं नाही, आणि राहुरीच्या डॉक्टरीणबाईंनी वाचून ‘साधी आहे, काळजी करू नका’ म्हणेपर्यंत जेवण गेलं नाही. मग मी गेले, भरलेली पिशवी घेऊन. आई खाटेवर बसलेली होती. बारीक झालेली, पण बसलेली. तिला ड्रोनची आणि बांबूची गोष्ट सांगितली तर ती सुनेकडे बघून म्हणाली, “इले आता सगळं शिकवा लागन.” आणि दोघी सासू-सुना मिळून माझ्यावरच हसल्या.

येताना मी आईकडे गटाचा नंबरही ठेवला. तेव्हा वाटलं, असू दे, अडीअडचणीला.

आता गटाचा फोन दुरुस्त होऊन आलाय, बांबूवर तोच चढतो. माझा माझ्या कमरेला असतो, आणि उसाच्या खाली त्याला रेंज नसते. आईला संध्याकाळपर्यंत दम निघत नाही. आजारपणानंतर तिला वेळेचं भान तेवढं राहिलं नाही, की ती मुद्दाम करते, देव जाणे. माझा लागला नाही की ती दुसरा लावते. मग कुणाच्या तरी शेतात, फवारणी ऐन रंगात आलेली असताना, वर साडीच्या पिशवीत रिंग वाजते. नेट जातं. ड्रोन उसावर हवेतल्या हवेत थांबतो. शेताचा मालक घाबरून विचारतो, “का थांबलं वो?” आक्का बॅटरीवरून मान न उचलता सांगते, “हिची आई हाय. आत्ता जाईल.”

मी ड्रोन उंच नेऊन धरते आणि वर बघते. एक वाजलेली असते. दुसरी वाजते की नाही, तेवढं ऐकायचं असतं.